हलू नका

रंगनाथ कुलथे टेलिव्हिजनचे नगर जिल्ह्याचे वार्ताहर झाले तेव्हा त्यांनी टेलिव्हिजन पाहिलेला नव्हता. याबद्दल त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत, कारण जिल्ह्यात तो दुसऱ्याही कुणी पाहिलेला नव्हता. मुंबईत केंद्र सुरू होऊन काही दिवसच झाले होते. पण त्याच्या लहरी घाट चढून नगरला येण्याचं नाव घेत नव्हत्या. रंगनाथराव जे टिपत ते फक्त मुंबईकरांना दिसे, आणि मुंबईकरांना रंगनाथराव दिसत नसत. व्यवस्था दोन्ही बाजूंना सोयीची होती.

कुलथे मूळचे संगमनेरचे. घराणं सोनाराचं. थोरल्या भावानं दुकान सांभाळलं आणि रंगनाथरावांनी पुण्याच्या एका दैनिकाची बातमीदारी धरली, ती वीस-बावीस वर्षं सोडली नाही. भाऊ सोनं गुंजेच्या हिशेबानं तोलत असे, रंगनाथराव बातमी. एकदा एका पुढाऱ्याच्या सभेला पाच हजारांचा समुदाय होता असं त्यांच्या नावावर छापून आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच खुलासा पाठवला की सदर मैदानात एवढी माणसं मावत नाहीत, मावली तर पुढाऱ्यांना उभं राहायला जागा उरत नाही. पुढारी दोन वर्षं बोलले नाहीत. तेव्हापासून गावात त्यांना ‘खुलासा कुलथे’ म्हणत. नाव चिडवण्यासाठी पडलं होतं. रंगनाथरावांनी ते पदवीसारखं वापरलं. त्यांच्याजवळ एरवी मिरवण्यासारखं काही नव्हतं. जे छापून आलं ते कुलथ्यांनी दिलंय, म्हणजे ते तसंच घडलं असणार, एवढीच त्यांची इस्टेट.

टेलिव्हिजनवाल्यांना जिल्ह्याजिल्ह्यातून माणसं हवी होती. त्यांनी रंगनाथरावांना मुंबईला बोलावून एक कॅमेरा दिला. त्याला घड्याळासारखी चावी द्यायची, मग तो पोटातून करकरत चालायचा. आवाज टिपण्याची त्यात सोय नव्हती. एका रिळात जेमतेम अडीच-पावणेतीन मिनिटांचं चित्र मावे. निमकर नावाच्या बातमी विभागातल्या साहेबांनी सकाळभर शिकवलं आणि शेवटी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “रंगनाथराव, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. फक्त हलू देऊ नका.”

त्या खोलीत टेलिव्हिजनचा संच होता. पण कार्यक्रम संध्याकाळी सुरू व्हायचे, आणि परतीची एस. टी. दुपारची होती. मुक्काम करायचा तर कुणा नातेवाइकाकडे जेवावं लागलं असतं. रंगनाथराव निघाले.

पहिल्या काही महिन्यांत त्यांनी दोन मंत्र्यांचे दौरे, एका साखर कारखान्याचं गाळप आणि भिंगारला लष्कराचं संचलन टिपून पाठवलं. रीळ डब्यात बंद करायचं, सोबत मजकुराचा कागद घालायचा आणि डबा पुण्यामार्गे मुंबईला रवाना करायचा. काही दिवसांनी चितळे रोडवरच्या बन्सी गांधींच्या छापखान्यातला फोन वाजे आणि निमकर सांगत, “ठीक आहे.” बन्सी हा रंगनाथरावांचा शाळेपासूनचा मित्र. जिल्ह्याच्या टेलिव्हिजनचं कार्यालय म्हणजे त्याच्या छापखान्यातली लग्नपत्रिकांच्या नमुन्यांशेजारची खुर्ची.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मंत्र्यांना रंगनाथराव दर वेळी सांगत असत, “साहेब, जरा हलू नका.” बावीस वर्षं वर्तमानपत्रासाठी डब्याच्या कॅमेऱ्यानं फोटो काढून ती सवय जिभेला बसली होती, आणि निमकरांच्या सांगण्यानं ती पक्की झाली होती. पण मंत्री कुणाचं ऐकत नाहीत. ते हार घालत राहिले, कुदळ मारत राहिले. कारखान्याचा चरक ऐकत नाही. लष्कर फक्त आपल्या अधिकाऱ्याचं ऐकतं. त्यामुळे सगळी रिळं उत्तम निघाली, आणि रंगनाथरावांना आपली चूक कळायला ऐकणारी माणसं भेटेपर्यंत थांबावं लागलं.

ती भेटली हिवरझरीला.

हिवरझरी श्रीगोंद्याच्या अंगाला, पण उसाचं पाणी जिथं संपतं त्याच्या बरंच पलीकडे. त्र्याहत्तरचा फेब्रुवारी होता. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलेलं. जनावरं छावणीत आणि माणसं पाझर तलावाच्या कामावर, अशी गावाची वाटणी झाली होती. काम मात्र चोख चाललेलं. त्याला कारण मुकादम कोंडीराम. हा गडी लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, मिशा अजून नोकरीत असलेला. त्याच्या हाताखाली दोन-अडीचशे माणसं अशी खपत की बाजूच्या गावांचे मुकादम त्याच्यावर खार खाऊन असत. रंगनाथरावांनी ठरवलं, दुष्काळाचं चांगलं चाललेलं एक काम मुंबईला दाखवायचं. तसा निरोपही त्यांनी आदल्या दिवशी धाडला: उद्या टेलिव्हिजनसाठी चित्र घ्यायला येतो.

निरोप गावात पोचेपर्यंत त्यातला टेलिव्हिजन गळून गेला आणि फोटो उरला. फोटो म्हणजे काय, हे हिवरझरीला ठाऊक होतं. तो आयुष्यात एकदा, फार तर दोनदा निघतो. त्यासाठी पेटीतलं लुगडं काढायचं असतं, टोपी धुवायची असते. आणि फोटोत हलायचं नसतं. हललं की तोंडाची भाजी होते आणि ती मग जन्मभर भिंतीवर टांगलेली राहते.

रंगनाथराव पोचले तेव्हा तलावाच्या भरावावर माणसं तीन फळ्यांत उभी होती. उंच मागे, बुटकी पुढे. गावात कोण कुणाच्या शेजारी उभं राहतं याचे काही जुने नियम होते. हवालदारानं ते बाजूला ठेवून पलटणीचा नियम लावला होता, आणि सगळं इतक्या भराभर झालं की तक्रार करायला कुणाला सवड मिळाली नाही. पुरुषांच्या हातात कुदळी, बंदुकीसारख्या पायाशी टेकवलेल्या. बायका हिरव्या-जांभळ्या लुगड्यांत, टोपल्या डोक्यावर, रिकाम्या. भरल्या टोपलीनं मान हलते असं कोंडीरामाचं मत होतं.

“वा!” रंगनाथराव म्हणाले. मनापासून म्हणाले.

“मंग! पल्टनीचा गुरुप फोटू असाच असतोय,” कोंडीराम म्हणाला. “सायेब, हुकूम करा.”

रंगनाथरावांनी चावी दिली, कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवला आणि हुकूम केला. “हलू नका!”

“सावधान!” कोंडीराम गरजला.

हिवरझरी हलली नाही. एका पोराच्या नाकावर माशी बसली, तिलाही उठावंसं वाटलं नाही. रंगनाथरावांनी पहिली फळी टिपली, मग दुसरी, मग तिसरी. मधल्या वेळात बायकांत थोडी कुजबूज आणि ढकलाढकली झाली, तेवढीच काय ती. कॅमेराही हलला नाही. रंगनाथरावांना आयुष्यात इतकं समाधान क्वचित लाभलं होतं. सोबतच्या कागदावर त्यांनी लिहिलं, ‘हिवरझरी येथे पाझर तलावाचे काम धडाक्याने सुरू.’ हे शब्दशः खरं होतं. ते गेल्यावर लुगडी बदलून माणसं लगेच कामाला लागली होती.

निमकरांचा फोन आला तेव्हा बन्सीनं आधी रिसीव्हर कानापासून लांब धरला, मग रंगनाथरावांकडे दिला.

“रंगनाथराव, हे काय पाठवलंत? बाई वाचतेय, काम धडाक्याने सुरू, आणि पडद्यावर माणसं पुतळ्यासारखी उभी! आम्हांला वाटलं, यंत्रच बंद पडलं.”

“उभी होती, कारण मी...”

“आणि कपडे? लग्नाला आल्यासारखे. प्रत्येक रांगेत बाईच्या नाकात सोन्याची नथ! सचिवालयातल्या वरच्या एका साहेबांनी घरी जेवता जेवता पाहिलं. ते म्हणाले, ही माणसं सरकारी कामावर नटून उभी राहतात आणि आपण त्यांना पोसतो. काम थांबवलंय तिथलं. चौकशी होईपर्यंत.”

“अहो, पण हलू नका असं मी सांगितलं त्यांना! तुम्हीच म्हणाला होता, हलू देऊ नका.”

“कॅमेरा, रंगनाथराव! कॅमेरा हलू देऊ नका!”

थोडा वेळ दोन्हीकडे शांतता होती. ट्रंक कॉलवर ती महाग पडते.

“मी खुलासा देतो,” रंगनाथराव म्हणाले.

“तो कुठं दाखवू? खुलाशाला तोंड नसतं. लोकांनी डोळ्यानं पाहिलंय. चित्र खोडायचं तर चित्रच पाठवा. एक रीळ शिल्लक आहे ना? या आठवड्यात पाठवा, नाहीतर कॅमेरा परत पाठवा, तो औरंगाबादला हवाय.”

रंगनाथरावांनी रिसीव्हर ठेवला. बन्सी टाइप जुळवता जुळवता म्हणाला, “रंग्या, बावीस वर्षांत तुझी एक बातमी खोटी निघाली नाही. आता खरीच खोटी निघाली. ही प्रगती म्हणायची.”

“थट्टा नको, बन्सी. तिथली अडीचशे माणसं बसलीत माझ्यामुळं.”

“उभी राहिल्यामुळं बसली,” बन्सी म्हणाला. पण रंगनाथरावांचा चेहरा पाहून त्यानं पुढचं वाक्य गिळलं आणि चहा मागवला.

हिवरझरीला काम का थांबलं हे कुणाला माहीत नव्हतं. एक जीप आली, कामावरच्यांना मिळणारी सुकडी शिजवण्याची भांडी घेऊन गेली, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. गावात तर्क चालले होते. कुणी म्हणे, पैसा संपला. कुणी म्हणे, शेजारच्या मुकादमानं करणी केली. रंगनाथराव संध्याकाळी गेले आणि चावडीपुढे बसलेल्या माणसांना त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. आयुष्यातला हा त्यांचा पहिला तोंडी खुलासा. तो संपल्यावर माना एका बाजूला वळल्या. मग छबूबाई बोलली.

छबूबाई कामावरच्या बायकांची पुढारी. कुणी नेमलेली नव्हती, पण तिच्या आधी कुणी बोलत नसे.

“म्हंजी भाऊ, तुमी हलू नका म्हनला म्हून आमी हाललो न्हाई. आन हाललो न्हाई म्हून काम गेलं.”

“होय.”

“मंग आमचं काय चुकलं?”

“तुमचं काही चुकलं नाही, छबूबाई. माझं चुकलं.”

“आन काम आमचं गेलं.”

रंगनाथरावांनी पायाखालची माती पाहिली.

“त्या साहेबांना नथांचाही राग आला,” ते म्हणाले. “दुष्काळात एवढ्या नथा कुठून, असं त्यांना वाटलं.”

“एवड्या?” छबूबाईनं कपाळावर हात मारला. “अवो, नथ येकच. माजी. पैला फोटू झाला की मागल्या मागं भामाबाईकडं दिली, तिचा झाला की सहादूच्या बायकोकडं. फोटूत काय बोडक्या नाकानं उबं ऱ्हायचं?”

भामाबाई बौद्धवस्तीतली. ती आणि सहादूची बायको दोघी मान खाली घालून बसल्या होत्या. छबूबाईची नथ एरवी त्या वस्तीतल्या नाकापर्यंत पोचली नसती, हे दोघींनाही ठाऊक होतं आणि छबूबाईलाही. पण हवालदारानं घाईच तशी केली होती.

आता कोंडीराम उठला. “सायेब, मी सांगतो उपाव. उद्या समदे कामावर जाऊ. मजुरी न्हाई तर न्हाई. तुमी फोटू घ्या, आमी लई हालू. असं हालू का मुंबई हालली पायजे.”

माणसांत थोडी चुळबूळ झाली. रंगनाथराव मात्र सावकाश म्हणाले, “नको, हवालदार. काम बंद आहे. बंद काम चालू दाखवायचं म्हणजे खोटं झालं.”

“आन चालू हुतं तवा बंद दाखीवलं, ते?”

“ते चुकून झालं. हे ठरवून होईल.”

“मला पन न्हाई पटत,” छबूबाई म्हणाली. “तुमी खोटं म्हून नगं म्हंता, मी फुकट म्हून नगं म्हंते. गोष्ट येकच.”

“मग चावडीपुढं असे बसलेले टिपू?” रंगनाथराव स्वतःशीच म्हणाले. “बसलेलं पाहिलं की ते साहेब म्हणतील, बघा, अजून बसलेत.”

खऱ्या गोष्टीचं चित्र घ्यावं तर ते खोट्यासारखं दिसणार, अशी पंचाईत वर्तमानपत्रात त्यांना कधी पडली नव्हती. तिथं निदान शेवटी एक ओळ घालता येत असे.

छबूबाई पदर खोचत उठली. “बसा तुमी इचार करीत. मला पहाटं उठायचंय. घोगरदऱ्याला खडीचं काम चालू हाय, आमी समदी तिकडं जातो रोज. तीन कोस जायाचं, तीन कोस यायाचं. लवकर पोचलं तर घेत्यात, न्हाई तर माघारी.”

रंगनाथरावांनी मान वर केली. “सगळी? चालत?”

“मंग काय इमानात?”

“छबूबाई,” रंगनाथराव म्हणाले, “तुम्ही उद्या जशा जाता तशाच जा.”

ठरवणं सोपं होतं. सकाळी उजाडता उजाडता हिवरझरीची माणसं घोगरदऱ्याच्या वाटेला लागली: कुदळी खांद्यावर, टोपल्या डोक्यावर, लहान पोरं कडेवर, लुगडी रोजची. रंगनाथराव पुढे जाऊन एका बांधावर उभे राहिले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. ज्यांना तो दिसला ती माणसं थांबली, पदर-टोपी सारखी करून ताठ उभी राहिली. मागची त्यांच्यावर आदळली आणि तीही उभी राहिली.

“थांबू नका! चाला!” रंगनाथराव ओरडले.

“आन हललं तर?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“हलायचंच आहे, बाबा!”

म्हातारा दोन पावलं चालला आणि पुन्हा उभा राहिला. त्याला फसवलं जातंय अशी शंका आली असावी. जन्मभर ऐकलेलं एका सकाळीत उलटं होत नाही. रंगनाथरावांनी कॅमेरा चालू केलाच नाही. एकच रीळ होतं, त्यात पुन्हा पुतळे भरून चालणार नव्हतं.

शेवटी सहादूची सायकल आली. सहादू पुढे तोंड करून पायडल मारणार, रंगनाथराव कॅरिअरवर मागे तोंड करून बसणार, म्हणजे कॅमेरा एका जागी थांबणार नाही आणि त्याच्यासाठी माणसांनाही थांबता येणार नाही. आणि तरीही पाय अडखळलेच तर उपाय म्हणून कोंडीराम सगळ्यांच्या पुढे गेला, मिशीवरून हात फिरवला आणि चालण्याचा त्याला येत होता तो एकमेव हुकूम दिला.

“तेज चल! दाया बाया, दाया बाया!”

हिवरझरी चालू लागली. हवालदाराच्या मागे चार-चारच्या ओळी आपोआप लागल्या. वाट दगडगोट्यांची, सायकल उडत होती, रंगनाथराव एका हातानं सीट धरून दुसऱ्या हातानं कॅमेरा डोळ्याला लावून बसलेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा सगळंच हलत होतं: माणसं, सायकल, कॅमेरा, खुद्द वार्ताहर. धुळीतून कुदळी वर-खाली होत होत्या. टोपल्यांखालचे चेहरे थकलेले होते आणि कुणी कॅमेऱ्याकडे पाहत नव्हतं, कारण पुढच्याचे पाय तुडवले जाऊ नयेत इकडे सगळ्यांचं लक्ष होतं. रीळ संपलं तेव्हा रंगनाथराव सायकलवरून उतरले की पडले, हे त्यांनाही नीटसं सांगता आलं नाही.

सोबतच्या कागदावर त्यांनी लिहिलं, ‘हिवरझरीचे काम थांबल्याने ग्रामस्थ रोज तीन कोस पायी.’ रोज कशासाठी पायी, ते लिहायला कागद पुरत होता, पण एस. टी. निघाली होती.

चार दिवसांनी कोंडीराम आणि छबूबाई नगरला, बन्सीच्या छापखान्यात येऊन दाखल झाले. खडीच्या ट्रकातून आलेले, दोघांच्या भुवयांवर पांढरी धूळ. छबूबाई थेट मुद्द्यावर आली.

“भाऊ, फोटू?”

“कसला फोटो?”

“आमचा. त्यो येवडं नटून काडला, त्यो. गाव इचारतंय. फोटू काडला की द्यायाचा असतोय.”

रंगनाथराव टेलिव्हिजनमध्ये फोटो द्यायचा नसतो, तो दाखवून संपतो, हे समजावण्याच्या बेतात होते, तेवढ्यात फोन वाजला. बन्सीनं ऐकलं आणि कुजबुजला, “मुंबई.”

“रंगनाथराव!” निमकरांचा आवाज प्रथमच खुशीत होता. “अहो, काय रीळ पाठवलंत! आज रात्रीच्या बातम्यांत घेतोय. एवढा मोठा मोर्चा, आणि तुम्ही कागदावर एक ओळ लिहून मोकळे!”

“मोर्चा?”

“पुढं तो मिशीवाला आहे ना, नेता, त्याचं नाव काय?”

रंगनाथरावांनी समोर पाहिलं. नेता लग्नपत्रिकांचे नमुने उलटेपालटे करत होता.

“कोंडीराम. निवृत्त हवालदार.”

“माजी सैनिक! उत्तम. मागणी काय?”

“काम.”

“घोषणा काय होत्या? चित्राला आवाज नाही, म्हणून विचारतो.”

“घोषणा दिल्याच नाहीत कुणी.”

“मूक मोर्चा!” निमकर म्हणाले आणि ते लिहून घेतल्याचा कागदाचा आवाज इकडे ऐकू आला. “वा! काय शिस्त! कुदळी खांद्यावर! साहेबांना दाखवतो आधी. ते म्हणत होते ना, लोक हलत नाहीत.”

रंगनाथरावांनी घसा साफ केला. हे करताना त्यांनी छबूबाईकडे पाहायला नको होतं. ती खुर्चीवर बसायची नाही म्हणून उंबऱ्याशी बसली होती आणि तळपायातला खडीचा कण नखानं काढत होती.

“निमकर साहेब, मोर्चा म्हणण्यापेक्षा...”

मध्ये ऑपरेटर बाईंचा आवाज आला. “तीन मिनिटं झाली. कॉल वाढवायचा का?”

बन्सीनं टाइप जुळवणं थांबवलं. तो रंगनाथरावांना चाळीस वर्षं ओळखत होता. पाच हजारांच्या मैदानासाठी या माणसानं दोन वर्षं एका पुढाऱ्याचा अबोला सोसला होता.

“वाढवायचा का, हॅलो?”

“नको,” रंगनाथराव म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला.

“काय म्हनले?” कोंडीरामानं विचारलं.

“हललात म्हणाले. चांगले हललात.”

“फोटूचं?” छबूबाईनं विचारलं.

रात्री मुंबईला मोर्चा दिसला, आणि पुढचं सगळं जीपनंच झालं. आधीची जीप भांडी घेऊन गेली होती, ही घेऊन आली. त्यातून उतरलेल्या इंजिनिअर साहेबांनी आधी कोंडीरामाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विनंती केली की काम उद्यापासून चालू करतो, तुम्ही मोर्चा तेवढा मागे घ्या.

“कोनचा मोर्चा?” कोंडीराम म्हणाला.

साहेबांना हा कसलेला पुढारी वाटला. त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “हवालदार, शब्द देतो. पावसापर्यंत काम बंद होणार नाही.”

कोंडीराम आणखी काही बोलणार, तोच छबूबाई पुढे झाली. “घेतला म्हना मागं,” ती म्हणाली. “येवडं म्हंत्यात तर घ्या.”

मोर्चा मागे घेतला गेला. नगरच्या इतिहासात इतका बिनतक्रार मागे घेतलेला मोर्चा दुसरा नसेल.

“मग?” त्या आठवड्यात बन्सीनं विचारलं. “खुलासा?”

“कशाचा?” रंगनाथराव म्हणाले. “नाव बरोबर दिलं. मागणी बरोबर दिली. घोषणा नव्हत्या, हेही बरोबर दिलं.”

“आणि मोर्चा?”

रंगनाथरावांनी लग्नपत्रिकांचे नमुने सारखे केले. “तो शब्द माझा नाही,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “आणि कॉल संपला होता.” बन्सीनं मान हलवली. मैत्रीत एवढं चालतं. पण त्यानंतर त्यानं रंगनाथरावांना ‘खुलासा’ म्हणून हाक मारली नाही, आणि रंगनाथरावांनी ते लक्षात घेतलं.

काही दिवसांनी मुंबईहून एक डबा आला. निमकरांनी हिवरझरीचं पहिलं रीळ परत पाठवलं होतं, निरुपयोगी म्हणून. रंगनाथरावांनी ते खिडकीशी धरून पाहिलं. नखाएवढ्या चौकटी, एकीखाली एक, हजारोंनी. आणि प्रत्येकीत हिवरझरी तशीच उभी. एका चौकटीतून दुसरीत जाताना कुणाचा केससुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता. टेलिव्हिजनला यापेक्षा टाकाऊ काही असू शकत नव्हतं. पण फोटोग्राफर लोक जन्मभर ज्याच्या मागे असतात ते हेच होतं.

भिंगारच्या बाजारात सैनिकांचे फोटो काढणारा एक स्टुडिओवाला होता. त्यानं प्रत्येक फळीची एक चौकट घेऊन, खटपटी करून, तीन फोटो मोठे करून दिले. एरवी तो हिशेबात चोख, पण हे फोटो पाहून पैशांचं विसरला आणि म्हणाला, “एवढी माणसं आणि एकही हललेला नाही? हे कोणत्या पलटणीचे?”

रंगनाथराव ते घेऊन तलावावर गेले. काम चालू होतं. त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता, त्यामुळे कुणी थांबलं नाही. कोंडीरामानं जेवणाची सुट्टी दिली तेव्हा फोटो हातोहात फिरले. दाणे जरा जाड आले होते, तोंडं ज्वारीच्या कणसासारखी दिसत होती, पण ज्याला त्याला आपण सापडलो. सापडला नाही तो शेजारच्यानं शोधून दिला. ज्या म्हाताऱ्याला चालताना शंका आली होती तो स्वतःकडे बोट दाखवून म्हणाला, “ह्यो मी. ह्ये खरं.”

छबूबाईनं तिन्ही फोटो मागून घेतले आणि मांडीवर ओळीनं मांडले. पहिल्यात ती स्वतः, नाकात नथ. दुसऱ्यात भामाबाई, नाकात नथ. तिसऱ्यात सहादूची बायको, नाकात नथ. भामाबाई जरा लांब उभी होती. छबूबाईनं तिला हातानं जवळ बोलावलं, दुसरा फोटो तिच्या हातात दिला आणि रंगनाथरावांकडे वळून म्हणाली,

“बगा भाऊ. हालली ती निस्ती नथ. आमी न्हाई हाललो.”